दीड गुंठ्याचा बांध

मार्च २०१५ मधली गोष्ट. चौथीच्या वर्गावर होते. मधल्या सुट्टीत एक मुलगा दाराशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाई, तुमच्या रानात तार वढल्याली हाय." त्याचं घर आमच्या रानाच्या वाटेवरच.

शाळा सुटल्यावर घरी न जाता तशीच रानात गेले. वरच्या लिंबापासून खाली ओढ्यापर्यंत सिमेंटचे नवेकोरे खांब उभे होते. त्यांना काटेरी तारेचे चार पदर ओढलेले. बांध जिथं असायला हवा होता तिथं ढेकळं. ओढ्याकडची बोर तोडून तिच्या फांद्या एका बाजूला रचून ठेवल्या होत्या.

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू पट्ट्यात. माझे यजमान २०११ साली गेले. वारसनोंद होऊन दोन एकर बारा गुंठे माझ्या आणि मुलांच्या नावावर आले. शेजारचं रान तात्यांचं. तात्या म्हणजे यजमानांचे चुलत चुलते, माझे चुलत सासरे. त्यांच्यापुढं मी कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. पुढचे चौदा महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

वाद मिटला त्याला आता बरीच वर्षं झाली. गावातल्या, शाळेतल्या, माहेरच्या कितीतरी जणी आणि जणही अजून विचारायला येतात, "बाई, तुम्ही काय केलं होतं?" दर वेळी तोंडी सांगते ते यावेळी लिहून काढते आहे.

१. पहिल्या दिवशी बांधावर तोंड उघडू नका

ही चूक मी केली. खांब रोवणारे चार मजूर, तात्यांचा मुलगा आणि स्वतः तात्या तिथं होते. मी पाहिलं आणि बोलून गेले, "बाईमाणूस एकटी आहे म्हणून खाताय का?" त्यापुढंही बोलले, ते इथं लिहीत नाही. तात्या एवढंच म्हणाले, "सूनबाई, बास." आणि मान वळवून विहिरीकडं निघून गेले.

जमिनीचं माप नंतर निघालं, चूक कागदावर आली. चार परक्या माणसांपुढं म्हाताऱ्या माणसाला बोललेलं मात्र परत घेता आलं नाही. तात्यांच्या मुलाने, म्हणजे आमच्या भाऊजींनी, तोच मुद्दा धरून ठेवला. "आम्ही चोर का?" हा त्यांचा प्रश्न शेवटपर्यंत कुंपणापेक्षा उंच उभा होता.

त्या दिवशी करायचं ते एवढंच. फोटो काढा, आणि त्यात लिंब, विहीर, लाइटचा खांब अशी न हलणारी एखादी खूण येऊ द्या. तारीख लिहून ठेवा. जवळच्या दोन माणसांना नेऊन जागा दाखवा आणि घरी या. बोलायला जायचं ते दुसऱ्या दिवशी, त्यांच्या घरी, कुणीतरी वडीलधारं सोबत घेऊन.

२. सातबारावर हद्द नसते

मी पिशवीत सातबारा घालून तलाठ्यांकडं गेले. माझी समजूत अशी की कागद माझ्याजवळ आहे, म्हणजे झालंच. तलाठी शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचं क्षेत्र ०.९३ हेक्टर आहे हे ह्यात लिहिलंय. ते कुठून कुठपर्यंत आहे, हे ह्यात नाही."

हे फार थोड्यांना माहीत असतं. सातबारा सांगतो की जमीन कुणाची, किती आणि तिच्यावर बोजा काय. तिची रेषा सांगतो तो नकाशा, आणि तो तलाठ्याकडं नसून तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात असतो. तिथून गटाच्या नकाशाची नक्कल काढायची आणि जुन्या सर्व्हे नंबरचं टिपण, फाळणी मिळत असेल तर तीही घ्यायची. आमच्याकडं १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्यानंतर एकत्रीकरण झालं आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. अनेक गावांत त्या नकाशातली रेषा आणि पूर्वापार वहिवाट यांत तेव्हापासूनच फरक आहे. म्हणून जुनं आणि नवं असे दोन्ही कागद हातात हवेत.

जुन्या टिपणावरची मापं साखळी-आण्यात असतात. एक साखळी तेहेतीस फुटांची, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. मुलांना फळ्यावर क्षेत्रफळ शिकवण्यात माझी उमर गेली, पण गुंठा हा शब्द मला पहिल्यांदा कळला तो त्या पिवळ्या कागदावर.

गावठाणातल्या घरांची गोष्ट वेगळी. जिथं सिटी सर्व्हे झाला आहे तिथं मिळकत पत्रिका आणि तिचा नकाशा पाहायचा.

३. बांध एका रात्रीत चोरीला जात नाही

हे मला उशिरा कळलं, आणि त्याने माझा राग निम्मा झाला.

बैलाच्या नांगराला बांधापाशी वळायला जागा लागायची, त्यामुळे बांधाच्या कडेला हात-दीड हात जमीन तशीच राहायची. ती कुदळीने खणायची नाहीतर गवताला सोडायची. बैल बांधावर चढत नसे आणि गडीही घरचा असे. त्याला बांध कुठला, कुणाचा, हे पाठ असायचं. आता ट्रॅक्टर येतो तो भाड्याने. चालवणारा पोरगा दुसऱ्या गावचा, त्याला पुढच्या रानात जायची घाई. रोटाव्हेटर बांधाच्या कुशीत घुसतो आणि दर हंगामाला थोडी थोडी माती खाली ओढतो. मालक घरी असतो. असला तरी "राहू दे, वीतभर तर गेलंय" म्हणतो. वर्षाला वीतभर म्हणजे नऊ इंच. बारा वर्षांत नऊ फूट होतात.

आमच्याकडं नेमकं तेच झालं होतं. वरच्या टोकाला रस्ता आणि लिंब, तिथं येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर असते. खालचं टोक ओढ्याकाठी, तिकडं वर्षातून दोनदा कुणी गेलं तर गेलं. यजमान आजारी पडल्यापासून मीही गेले नव्हते. बांध खालून सरकत आला. भाऊजींनी कुंपण घातलं ते सरकलेल्या बांधावरून. बांध चोरायला ते आले नव्हते. रानडुकरं पीक ठेवत नव्हती म्हणून त्यांनी तार ओढली होती. मोजणी न करता ओढली आणि उरलासुरला बांध नांगरून सपाट केला, ही त्यांची चूक. चार वर्षं बांधावर फिरकले नाही, ही माझी.

बांध गेला म्हणजे नुसती माती गेली असं नाही. दोन म्हशींना पावसाळाभर पुरेल एवढं गवत त्यावर व्हायचं. खालच्या वस्तीच्या बाया त्यावरूनच पाण्याला जायच्या. बोरीखाली सुगीत भाकरी सोडायची ती जागा गेली. जून २०१५ मधला पहिला मोठा पाऊस झाला आणि तात्यांच्या वरच्या रानातलं पाणी, जे बांधाला अडून कडेकडेने ओढ्याला जायचं, ते सरळ माझ्या रानात उतरलं. वरच्या रानाचं पावसाचं पाणी स्वाभाविक उतारानं खालच्यात येतं, त्याला कुणी दोष देत नाही. पण त्या पाण्याचा जोर मोडायला बांध नव्हता. माझ्या घेवड्यातून गुडघाभर खोल घळ पडली आणि वरची काळी माती ओढ्यात गेली. ती माती तयार व्हायला कितीतरी पिढ्या लागल्या असतील. गेलेल्या फुटांपेक्षा मला तिचं दुःख जास्त झालं आणि आजही होतं.

४. आधी मोजणी, मग बाकी सगळं

मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात करायचा. प्रकार असतो "हद्द कायम". तेव्हा खिडकीवर अर्ज आणि चलन भरलं, आता तो ऑनलाइन होतो. माझ्या वेळी साधी, तातडी आणि अतितातडी असे दर होते. मी साधी भरली, कारण राग थंड व्हायलाही वेळ हवा होता. अर्ज दिवाळीनंतर दिला, मोजणी मे २०१६ मध्ये झाली.

मोजणी शक्यतो उन्हाळ्यातच यावी असं बघा. रानं मोकळी असतात, एका टोकावरून दुसरं टोक दिसतं, उभ्या पिकाची नासाडी होत नाही. लगतच्या सगळ्या खातेदारांची नावं-पत्ते अर्जात नीट द्या. त्यांना नोटीस जाते, आणि ती मिळाली नाही असं नंतर कुणाला म्हणता येऊ नये. हद्दीवरची झुडपं आधी काढून ठेवा. पहार, कुदळ, चुना, खुणेचे दगड आणि दोन गडी ही तयारी अर्जदाराने करायची असते.

आणि शेजाऱ्याला त्या दिवशी यायचा निरोप स्वतः द्या, नोटीस गेली असली तरी. बोलणं बंद होतं म्हणून मी धाकट्या जाऊबाईंकडं, म्हणजे भाऊजींच्या बायकोकडं, गिरणीत दळणाच्या वेळी निरोप दिला.

तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. भूकरमापक सकाळी आठला आले. तीन पायांवर फळा उभा केला, त्यावर कागद ताणून लावला. मी त्यांना कुंपण दाखवायला निघाले तर म्हणाले, "कुंपण नंतर. आधी मला न हललेल्या खुणा पाहिजेत." हे लक्षात ठेवा. मोजणी तुमच्या बांधापासून सुरू होत नाही. ती सुरू होते जुन्या हद्दीच्या दगडापासून, जिथं तीन गटांचे कोपरे मिळतात त्या जागेपासून, नकाशावर असलेल्या विहिरीपासून. त्यांनी वरचा रस्त्याचा कोपरा धरला, विहीर धरली. खालचा दगड मात्र सापडेना. ओढ्याकाठी दोघं गडी तासभर खणत होते.

तिथं तात्यांच्या थोरल्या बहीण होत्या. सारा गाव त्यांना आत्ती म्हणतो. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या, तेव्हा ऐंशीच्या पुढं. बांधावर पदर डोईवर घेऊन बसल्या होत्या, कुणी विचारलं नव्हतं. त्या एकदम म्हणाल्या, "त्या बोरीच्या बुडात बघा की. आमी ल्हान व्हतो तवा तितं म्हसोबा म्हणून शेंदूर लावायचो. आमचा बा म्हणायचा, आगं, ह्यो देव न्हवं, सरकारचा धोंडा हाय."

बोर तोडली होती, पण खोड जमिनीत होतं. ते होतं कुंपणाच्या पलीकडं, तात्यांच्या नांगरटीत. गड्याने खोडाला लागून पहार मारली. दुसऱ्या की तिसऱ्या घावाला ठण् असा आवाज आला. कुणी काही बोललं नाही. तात्या पुढं झाले, उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी माती बाजूला करू लागले. काळा दगड वर आला. त्याच्या एका खोबणीत मातीने मळलेला लाल रंग अजून होता. तात्या तो अंगठ्याने चोळत बराच वेळ तसेच बसून राहिले.

भूकरमापकांनी माप धरलं. कुंपणापासून दगड नऊ फूट.

तात्यांच्या सख्ख्या बहिणीने तो दगड दाखवला होता. तिच्या भावाची जमीन त्याने कमी होणार हे तिला कळत नव्हतं असं मला वाटत नाही. म्हणून सांगते, गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा. पंच म्हणून त्यांना कुणी बोलावत नाही, पंचनाम्यावर त्यांचे अंगठे नसतात, पण खुरपणीत उभा जन्म काढलेल्या बाईला रानातला दगड न् दगड ठाऊक असतो.

५. आपल्याविरुद्ध निघालेलं माप आधी मान्य करा

मोजणी पुढं सरकत लिंबाकडं आली, तेव्हा माप उलटं निघालं. वरच्या सत्तर फुटांत रेषा माझ्या बाजूला येत गेली. अगदी टोकाला मीच तात्यांच्या रानात पावणेदोन फूट शिरले होते. हिशेब असा झाला: सव्वाचारशे फुटांच्या बांधात खाली माझी दीड गुंठ्याला जरा कमी जमीन त्यांच्याकडं, आणि वर त्यांची पाचएक चौरस मीटर माझ्याकडं.

माझ्या भावाने कानात सांगितलं, गप्प बैस, ते एवढंसंच आहे. मी चौदा महिन्यांत पहिल्यांदा तात्यांकडं पाहून बोलले, "तात्या, वरचं तुमचं आहे. ते मी आजच सोडते."

त्यांनी मान हलवली. दुसरं काही झालं नाही. पण वाद तिथं वाकला, हे मी खात्रीनं सांगते.

६. मोजणीने ताबा मिळत नाही

लोकांची मोठी गैरसमजूत इथं होते. भूकरमापक हद्द दाखवतात, खुणा करतात, जबाब घेतात, नकाशा करून देतात. त्या नकाशाला "क" प्रत म्हणतात. अभिलेखाप्रमाणे येणारी हद्द आणि प्रत्यक्षातली वहिवाट यांत किती अंतर आहे ते तिच्यावर दिसतं. पण कुंपण काढून जमीन तुमच्या हातात देणं त्यांचं काम नाही. मोजणी मान्य नसेल तर वरिष्ठांकडून निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागता येते, त्यावर सुपर निमताना. शेजाऱ्याने ती मागितली तर चिडू नका, तो त्याचा हक्क आहे. मोजणी बरोबर असेल तर दुसऱ्यांदाही तीच रेषा निघेल.

खुणेचे दगड मात्र त्याच दिवशी, सगळ्यांसमक्ष, खोल पुरून घ्या. चुन्याची रेघ पहिल्या पावसात जाते. हद्दीच्या खुणा जपणं हे जमीनधारकाचं कायद्यानं ठरवलेलं काम आहे आणि त्या मुद्दाम मोडणं हा दंडाला पात्र गुन्हा आहे.

७. कायद्याची तारीख ओळखून असा

मी तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत गेले होते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. हे मला नोकरीला तीस वर्षं होऊनही ठाऊक नव्हतं. तिथल्या वकीलबाईंनी दोन आकडे वहीत लिहून दिले.

पहिला, सहा महिने. तुमच्या ताब्यातली जमीन कुणी कायदेशीर मार्ग सोडून काढून घेतली तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावला, की मालकीच्या वादात न शिरता आधी ताब्यापुरता निकाल मागता येतो. कुंपणाने चालू वाट अडली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडं जायचं, तिथंही मुदत सहा महिन्यांचीच. रानात जायला वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे, बांधावरून रस्ता मागण्याचं.

दुसरा आकडा, बारा वर्षं. दुसऱ्याने तुमची जमीन उघडपणे, आपली म्हणून, बारा वर्षं सलग वहिवाटली आणि तुम्ही गप्प राहिलात, तर प्रतिकूल ताब्याचा प्रश्न उभा राहतो. नुसती बारा वर्षं उलटली म्हणून जमीन जात नाही, पण ती परत मिळवणं फार अवघड होऊन बसतं. बाईमाणसांना हे मुद्दाम सांगते. नवऱ्यामागं जमीन नावावर येते, पाय मात्र रानात पडत नाही. वर्षातून चारदा तरी चारी बांध पायी फिरा.

८. तार तोडू नका, कुंपणात वीज सोडू नका

मोजणीच्या संध्याकाळी माझा भाऊ पक्कड घेऊन निघाला होता. मी त्याला दारात अडवलं. मोजणी आपल्या बाजूची असली तरी दुसऱ्याची तार तोडली की फिर्याद आपल्यावर होते, आणि हक्काचं माणूस आरोपी होऊन बसतं.

दुसरी गोष्ट त्याहून भयंकर. डुकरांसाठी, चोरांसाठी म्हणून लोक कुंपणाच्या तारेत घरची लाइन सोडतात. त्या तारेला चिकटून माणसं मेली आहेत, बहुतेकदा शेजारची किंवा स्वतःच्या घरची. हे कायद्याने गुन्हा आहे, तुरुंगात नेणारं आहे. रात्री पाणी धरायला निघालेल्या माणसाला तार दिसत नाही. कृपा करून हे कुणी करू नका. झटका मशीन वेगळं, ते थांबून थांबून हलका झटका देतं आणि त्यासाठीच बनवलेलं असतं. तेही घ्यायचं तर चांगलं घ्या, पाटी लावा.

९. मध्ये कोण बसतं यावर सगळं आहे

तात्या तयार झाले होते, भाऊजी नव्हते. खांबांना आणि तारेला पैसे गेले होते, आणि "चोर" हा शब्द त्यांच्या मनातून गेला नव्हता. तीन आठवडे काही हललं नाही. मृग जवळ आला होता.

गावात २००७ पासूनच्या महात्मा गांधी तंटामुक्त मोहिमेची समिती होती. चांगली माणसंही होती तिच्यात. पण दोघातिघांचं भाऊजींशी निवडणुकीचं वैर होतं, आणि त्यांना माझ्या बांधापेक्षा त्या वैरात रस होता. ते मला भेटून सांगत, "बाई, मागं हटू नका." मला मागंपुढं जायचंच नव्हतं, मला बांध हवा होता. ज्याला आपल्या भांडणातून काही मिळणार आहे, त्याला मध्ये घेऊ नका.

मी गेले ते आमच्या निवृत्त मुख्याध्यापकांकडं. भाऊजी त्यांच्या हाताखाली शिकलेले. आणि आत्तींकडं. बैठक तात्यांच्या पडवीत झाली. मी सुरुवातीलाच म्हणाले, "भाऊजी, त्या दिवशी बांधावर जे बोलले ते चुकले. तुम्ही चोर नाही." ते काही बोलले नाहीत. जाऊबाईंनी चहा आणला, तो त्यांनी आधी माझ्यापुढं सरकवला.

ठरलं ते असं. खांब आणि तार त्यांचीच, ती काढून पुन्हा रोवायची मजुरी दोघांनी निम्मी निम्मी. मधे तीन फुटांचा बांध घालायचा, मोजणीच्या रेषेपासून प्रत्येकाचा दीड फूट. कुंपण बांधावर न घालता त्यांनी बांधाच्या आत, आपल्या रानाच्या कडेला घ्यायचं, म्हणजे बांधावरची पायवाट आणि गवत खुलं राहील. कडेनं घायपात लावायचं, म्हणजे ट्रॅक्टर बांधाच्या कुशीत शिरणार नाही.

पुष्कळांनी मला वेड्यात काढलं. अतिक्रमण त्यांचं आणि मजुरी तू का देतेस? मी दिलेली मजुरी कोर्टाच्या दोन तारखांच्या खर्चाएवढीही नव्हती. आणि माझी विहीर तात्यांच्या विहिरीच्या खालच्या अंगाला आहे, माझी मुलं शहरात, रात्री मोटर जळाली तर हाक ऐकू जाईल असं एकच घर जवळ आहे. त्या घराशी मी कोर्टात जिंकून काय करणार होते?

हा सल्ला सगळ्यांना लागू पडेल असं मी म्हणत नाही. समोरचा दांडगाई करत असेल, मारहाणीवर येत असेल, मोजणीच मानत नसेल तर कोर्टाची पायरी चढाच, उशीर करू नका. पण आधी समोरचा खरोखर तसा आहे की आपण रागाने त्याला तसं ठरवलंय, हे एकदा तपासा.

१०. ठरलं ते कागदावर आणा

भावकीत "कागद कशाला, शब्द पुरे" म्हणतात. शब्द देणारी माणसं जातात. आम्ही समजुतीचा लेख केला. हद्द "क" प्रतीप्रमाणे दोघांना मान्य, बांध सामाईक, कुंपण अमुक जागी, आणि खाली दोघांच्या घरच्या सगळ्या सज्ञान माणसांच्या सह्या. नकाशाची एकेक प्रत दोन्ही घरात. आत्तींनी अंगठा दिला, साक्षीदार म्हणून.

ज्यांच्याकडं पूर्ण जमिनीचीच अदलाबदल होऊन बसली आहे, म्हणजे नावावर एक आणि वर्षानुवर्षं कसतात दुसरी, त्यांच्यासाठी राज्य सरकारने २०२३ साली सलोखा योजना आणली. एकमेकांच्या जमिनीचा ताबा किमान बारा वर्षांचा असेल तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क एक हजार आणि नोंदणी फी एक हजार, एवढ्यातच काम होतं. योजना मुदतीची आहे, म्हणून आधी दुय्यम निबंधक कार्यालयात चौकशी करा. आमच्या दीड गुंठ्याला तिची गरज पडली नाही, पण माझ्या माहेरच्या दोन घरांनी तिचा फायदा घेतला आणि जुना तंटा संपवला.

तात्या २०२१ साली गेले, त्यांच्या आधी वर्षभर आत्ती गेल्या. बोरीच्या खोडाला नवे धुमारे फुटले आणि आता तिला बोरं येतात, आंबट आहेत. बांधावरचं गवत एक वर्ष त्यांचं, एक वर्ष आमचं. पाडव्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोन्ही घरचे खाली जाऊन हद्दीच्या दगडाला चुना लावतो. यंदा चुना भाऊजींनी आणला होता, आणि जाऊबाईंनी त्यावर शेंदराचं एक बोट लावलं.